कानवालीच्या लेकी

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र टेबलावर ठेवशील आणि दोन दिवस त्याच्यावर भाजीची पिशवी ठेवत राहशील, हे मला ठाऊक आहे. फोन केला असता, पण फोनवर तुझा रेडिओ माझ्यापेक्षा जास्त बोलतो. शिवाय तिसऱ्या वाक्याला आपण भांडतो. कागदावर निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल आणि तुला मध्येच "झालं का तुझं?" म्हणता येणार नाही. दोन वर्षांपूर्वी मी तुझ्या दारातून निघत असताना तू मला बजावलं होतंस, "मड्डम, यापुढे माझ्या घरात आईचा विषय नको." ठीक आहे, तुझ्या घरात काढत नाही. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून काढते आहे. वाचलंस तर पूर्ण वाच, कारण यात एक गोष्ट अशी आहे जी मी अठ्ठावन्न वर्षं तुझ्यापासून लपवून ठेवली.

गेल्या आठवड्यात मी कानाच्या डॉक्टरणीकडे गेले होते. मी काही आपल्या पायांनी दवाखान्यात जाणाऱ्यांतली नव्हे. का गेले ते शेवटी सांगते. आधी तिथली तऱ्हा ऐक. कानाचा दवाखाना, आणि बसायच्या खोलीत टीव्ही असा ठणाणा करत होता की चांगल्या माणसाचे कान जावेत. मी खिडकीतल्या मुलीला म्हटलं, "बाई, हा तुमच्या धंद्याचा भाग आहे का?" तर म्हणाली, "पेशंटना ऐकू येत नाही ना, म्हणून मोठा ठेवतो." मग चार पानांचा फॉर्म. तिसऱ्या पानावर प्रश्न: कुटुंबात कुणाला कानात सतत आवाज येण्याचा त्रास होता किंवा आहे का? मी 'नाही'वर अशी फुली मारली की मागच्या पानावर उमटली. डॉक्टरीण तरुण होती, केस बारीक कापलेले, पेन कानामागे. फॉर्म वाचून म्हणाली, "आतापर्यंत तुम्ही मला तीनदा 'पुटपुटू नका' म्हणून रागावलात. तुमच्या स्वतःच्या कानात काय वाजतं?" मी कोर्टात एकतीस वर्षं स्टेनोग्राफर होते, ठमे. भल्याभल्या वकिलांची उलटतपासणी मी लिहून घेतली आहे. पण असा सरळ प्रश्न माझ्यावर कुणी टाकला नव्हता. तोंडातून खरं निघून गेलं. म्हटलं, "किटलीची शिटी. दोन्ही कानांत. एकोणीस वर्षं झाली."

तिने एक कागद पुढे ओढला. त्यावर घराण्याचं झाड काढायला सुरुवात झालेली होती. बाईसाठी वर्तुळ, पुरुषासाठी चौकोन, आणि ज्याच्या कानात आवाज आहे त्याची आकृती काळी करायची. माझं वर्तुळ तिने काळं केलं आणि पेन आईच्या वर्तुळावर नेऊन थांबली. मी म्हटलं, हे असं वारशाने येतं? तर म्हणाली, काही अंशी. यात एकच कुणी दोषी जीन सापडलेला नाही. पुष्कळ आहेत, प्रत्येकाचा हात थोडा थोडा. आईबापांकडून नुसता कल येतो. मग गोंगाट, वय, एखादं आजारपण, यातलं काहीतरी त्याला धक्का देतं. आवाज दोन्ही कानांत असेल तर तो रक्तातून आलेला असण्याची शक्यता एका कानापेक्षा जास्त, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासात दिसलंय म्हणे. मी विचारलं, रक्त तपासून नक्की सांगता येईल? म्हणाली, नाही, तशी तपासणी अजून नाही. म्हणून तर घरातली माणसं आठवून लिहायची. म्हणजे बघ, आरोपी अनेक, प्रत्येकाविरुद्ध पुरावा तोकडा, आणि शिक्षा मात्र जन्मभराची. असला खटला आमच्या साहेबांनी पहिल्याच तारखेला फेटाळला असता. मी तसं तिला सुनावलं. ती हसली आणि म्हणाली, "खटला नाहीये हो. फक्त आठवा. आई काय काम करायची?"

आणि ठमे, मी मनाने त्या खुर्चीतून उठून थेट कपांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या शेडमध्ये गेले. तुला ती शेड किती आठवते ठाऊक नाही, तू सात वर्षांची होतीस. लांबलचक टेबल, त्याच्यावर राखाडी कांबळं, आणि एका बाजूला बारा बायका रांगेने. भट्टीतून निघालेले कप ट्रेमधून यायचे. आई कप पालथा करून तीन बोटांच्या टोकांवर तोलायची आणि हातातल्या लाकडी दांडीने काठावर एक टिचकी द्यायची. चांगला कप टणत्कार करायचा. झिलईखाली केसाएवढी चीर असेल, डोळ्याला दिसतही नसेल, तर आवाज बद्द यायचा. वाजणारा डावीकडे, बद्द उजवीकडे. आईचा हात थांबायचाच नाही. बाकीच्या बायका शंका आली की कप तिच्यासमोर धरायच्या, "कानवाली, बघ गं हा," आणि ती वर न बघता म्हणायची, "फेक." कानवाली हे तिचं नाव साऱ्या कारखान्यात होतं. बाबा तिथेच पॅकिंगमध्ये होते तरी त्यांना लोक 'कानवालीचा नवरा' म्हणायचे, आणि तेव्हा बाबांना त्याचा अभिमान होता.

आपल्या घरातला एकही कप धड नव्हता, आठवतं? कान वाकडा, नाहीतर रंग ओघळलेला, नाहीतर बुडाशी फोड. कामगारांना उजवीकडचा माल मिळायचा. तरी चहा ओतण्याआधी आई प्रत्येक कपाला नखाने टिचकी मारायची. तू तिची नक्कल करायचीस. बाबांच्या टकलाला टिचकी मारून "बद्द!" म्हणालीस आणि बाबा इतके हसले की चहा सांडला. ते हसणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. हल्ली ऐकू येणाऱ्या गोष्टींत तेवढं एकच माझ्या मर्जीने येतं.

मग ती हॉटेलची ऑर्डर आली. सहाशे कप, आणि पहिल्याच दिवशी गरम चहा ओतल्याबरोबर एकामागून एक तडकले. माल परत आला. पेटीतल्या चिठ्ठ्यांवर तपासनीस म्हणून आईचा नंबर. कारखान्यात कुजबूज सुरू व्हायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. ती खेप भट्टीवाल्या काकांच्या भट्टीतली होती. काका विधुर, अबोल माणूस, आईच्या शेजारी बसून डबा खायचे, कधी सायकलवरून तिची पिशवी घरापर्यंत आणून द्यायचे. बस्स, लोकांना तेवढं पुरलं. कानवालीने कुणासाठी कान झाकले, ते सगळ्यांना एकदम कळलं. तुला ते शाळेच्या फाटकाशी कुणा पोरीने सांगितलं आणि तू रडत घरी आलीस. तुझ्या मनात आई तिथेच राहिली, त्या फाटकाशी. मी तुला दोष देत नाही. सातव्या वर्षी ऐकलेलं माणूस तपासून घेत नाही. आणि बाबा तर पंचेचाळीस वर्षांचे होते, त्यांनीही तपासून घेतलं नाही. त्यांनी त्या दिवसापासून आईशी बोलणं कामापुरतं केलं.

आता ती गोष्ट. त्याच आठवड्यात शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी आईची वाट बघत कारखान्याच्या फाटकाशी उभी होते, कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये, वेण्या घट्ट, बूट चकचकीत. शिपाई मला मॅनेजरच्या खोलीत घेऊन गेला. आई टेबलाशी उभी होती. टेबलावर सहा कप. मॅनेजर तिला म्हणत होते, "बाई, तुम्ही म्हणता तुम्ही प्रामाणिकपणे तपासले. मग आता तपासा." तिने सहाही वाजवले आणि म्हणाली, पाच चांगले, एक खराब. मग ते माझ्याकडे वळले. कॉन्व्हेंटची मुलगी आहे, खोटं बोलणार नाही, असं बाजूच्या माणसाला इंग्रजीत म्हणाले आणि मला ते समजलं याचा मला केवढा गर्व वाटला! आईने मला दांडी धरायला शिकवलं होतं, हे त्यांना कुणीतरी सांगितलं असावं. मी सहाही कप वाजवले. स्पष्ट, ठणठणीत आवाजात, सिस्टर आम्हाला कविता म्हणायला लावायच्या तशी पाठ ताठ करून, मी सांगितलं, दोन चांगले, चार बद्द. आई माझ्याकडे बघत राहिली. तिने एक कप उचलला, माझ्या कानाजवळ धरला, टिचकी मारली आणि म्हणाली, "अगं वाजतोय. नीट ऐक ना." मी म्हटलं, "नाही वाजत, आई." तिने पुन्हा मारली. "हे काय, वाजतोय की. अजून वाजतोय." मी म्हटलं, "आई, तू खोटं का बोलतेस?"

ते वाक्य माझं आहे, ठमे. मॅनेजरचं नव्हे, बायकांचं नव्हे. मॅनेजरने त्या दोन चांगल्या कपांपैकी एक मला बक्षीस दिला. सोनेरी काठाचा. तुला मी सांगितलं होतं, वक्तृत्वाच्या स्पर्धेत मिळाला. तू कित्येक वर्षं तो धुतल्यावर फडक्यात धरून पुसायचीस आणि म्हणायचीस, "आमच्या मड्डमचा पहिला नंबर." आईने तुझं बोलणं एकदाही खोडलं नाही. तिचं काम गेलं, भट्टीवाले काका आठवड्याभरात गाव सोडून गेले. माझी शाळा सिस्टरांनी चालू ठेवली. तुझी पंधराव्या वर्षी सुटली आणि तू पॅकिंगमध्ये बाबांच्या शेजारी उभी राहिलीस. त्याचाही हिशेब तू आईच्या नावावर मांडलास. तो माझ्या नावावर हवा होता.

नंतरची आई तुला आठवते तशी मलाही आठवते. भरल्या घरात एकदम उठायची, नळ बघून यायची, शेगडी बघून यायची, दार उघडून रस्त्यात बघायची. "कोण गं एवढा वेळ वाजवतंय?" आपण दोघी हसायचो. आपण म्हणजे आधी मी. "आईच्या डोक्यात चर्च बांधलंय, आणि घंटा वाजवणारा घरी जायला तयार नाही," हा विनोद माझाच. तू फक्त हसलीस. मग ती विचारायची बंद झाली. फक्त उजव्या कानावर तळहात दाबायची आणि सोडायची, दाबायची आणि सोडायची, बरणीचं झाकण बसलंय का बघावं तशी. शेवटच्या वर्षी मी तिच्या पायांना तेल लावत होते. एकदम म्हणाली, "तुला तेव्हा खरंच ऐकू येत नव्हतं का गं?" कशाबद्दल ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "नाही, आई." ती "बरं" म्हणाली आणि पाय जवळ घेतला. मी खोटं बोलले नव्हते. तीही नव्हती. कप वाजायचा थांबत होता; तिचा कान थांबत नव्हता. अठरा वर्षं दिवसभर काचणाऱ्या त्या टणत्काराने जी काही गोष्ट तिच्या रक्तात निजलेली होती ती जागी केली असावी. असावी. डॉक्टरीणसुद्धा 'असावी'च म्हणते. त्या शेडमधल्या बारा बायकांपैकी बाकीच्या अकरा जणींना काहीच झालं नाही, आणि म्हणून सगळ्यांना वाटलं की हिचंच मन वाकडं.

माझ्या कानात शिटी सुरू झाली तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते. साक्षीदार बोलत होता आणि मला वाटलं, कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी चहाची किटली विसरलंय. मी शिपायाला बघायला पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "काही नाही, मॅडम," आणि त्या क्षणी मला नळ बघून येणारी आई आठवली. मला कळलं. आणि कळल्यावर मी काय केलं? आईसारखं कुणाला विचारलं नाही. मी जीभ वापरली. कुठलाही शब्द निसटला की वकिलावर डाफरायचे, "तोंडात काय धरलंय? नीट बोला!" निवृत्तीच्या समारंभात भाषण झालं की मॅडमच्या धाकाने अख्खं कोर्ट स्पष्ट बोलायला शिकलं. टाळ्या पडल्या. मला त्यासुद्धा शिटीच्या पलीकडून ऐकू आल्या. नोकरी जाईल म्हणून लपवलं, असं मी स्वतःला सांगत आले. खरं कारण तसं नव्हतं. आपल्या घरात ज्याला ऐकू येतं तो खोटा ठरतो, हे मीच ठरवलं होतं, आणि मला त्या बाजूला जाऊन उभं राहायचं नव्हतं. दवाखान्यातून आल्यावर मी तो सोनेरी काठाचा कप काढला, आणि शेजारी एक तडा गेलेला. दोन्हींना टिचकी मारली. दोन्ही वाजले, ठमे. दोन्ही वाजतच राहिले. मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "वाजतोय गं, आई."

आता तुझा रेडिओ. दोन वर्षांपूर्वी मी त्याची पिन भिंतीतून उपटली, आणि तू माझ्यावर ओरडलीस, ते भांडण. मी तेव्हा म्हणाले होते, माणसं बोलतायत तिथे हे खोकं कशाला? तुझ्या स्वयंपाकघरात एक, बाहेरच्या खोलीत एक, अंथरुणाशी एक. थंडीतसुद्धा पंखा. मोरीत नळाची धार बारीक चालू. मला वाटायचं, एकटेपणा. तुझे जावईबुवा म्हणतात, सवय. पण पिन उपटली त्या क्षणी, ओरडायच्या आधी, तू काय केलंस ते मी पाहिलं होतं, आणि पाहूनही दोन वर्षं मनाच्या मागच्या फळीवर ठेवून दिलं होतं. तुझा उजवा तळहात कानावर गेला. दाबलास. सोडलास. दाबलास.

डॉक्टरणीला आईबद्दल सगळं सांगितलं आणि तिच्या हातातलं पेन मागून घेऊन आईचं वर्तुळ मी स्वतः काळं केलं. फॉर्मवरचं 'नाही' खोडून 'हो' लिहिलं, शेजारी सही केली, खाडाखोड केल्यावर कोर्टात करतात तशी. तो कागद या पाकिटात आहे. तो नीट बघ, म्हणजे तुला मी हे पत्र का लिहिलं ते दिसेल. त्याची सुरुवात माझ्यापासून झालेली नाही. मी खोलीत शिरले तेव्हा सगळ्यात खालच्या ओळीतलं एक वर्तुळ आधीच काळं होतं, आणि पेशंटच्या खुर्चीत तुझी लेक बसली होती. मी नुसती तिच्याबरोबर गेले होते, फॉर्मही तिचाच भरून दिला होता. तिच्या दोन्ही कानांत सात महिन्यांपासून वाजतंय. वॉर्डातल्या मशिनची घंटा झाली असं वाटून ती रिकाम्या खाटेपाशी धावत गेली, आणि एकदा खरी घंटा वाजत असताना आपल्याच कानातली समजून बसून राहिली; दुसरी नर्स पोचली म्हणून निभावलं. तिने तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "कामाचा कंटाळा आलाय तुला. कानाचं निमित्त नको. आपल्या घरात एक होऊन गेली तेवढी पुरे." हे तिने मला रडत सांगितलं नाही, हसत सांगितलं, आणि त्याचंच मला भय वाटलं. तिचा राजीनामा लिहून तयार आहे. तो मी तिच्याकडून काढून घेऊन सोनेरी कपाखाली ठेवलाय आणि सोमवारपर्यंत थांब म्हटलंय. डॉक्टरीण म्हणते, आवाज कदाचित जाणार नाही, पण त्याच्याबरोबर राहायला शिकवता येतं, कानात घालायचं मशिन मिळतं, वॉर्ड बदलून मिळेल. तिला मात्र मशिनच्या आधी एकच गोष्ट हवी आहे, आणि ती माझ्याकडून पुरत नाही, मी देऊन पाहिली. तिच्या आईने तिला म्हणायला हवं, "तुला ऐकू येतं ना? मग आहे." आता कागदाकडे पुन्हा बघ. माझ्या शेजारचं वर्तुळ तुझं. ते मी रिकामं ठेवलं आहे. मी एकदा दुसऱ्याच्या कानाबद्दल साक्ष दिली होती. पुन्हा देणार नाही. पेन्सिल पाकिटात घातली आहे. रविवारी सकाळी तुझी लेक माझ्याकडे येते. तूही ये. रेडिओ बरोबर आणलास तरी चालेल.

तुझीच, आणि त्या कपाची गुन्हेगार,
मड्डम